कॉपरची सांगून अॅल्युमिनियमची मोटार दिली : बेळगाव भागात स्पेअर पार्ट घेणाऱ्यांनी वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं घरचा मिक्सर, पंखा, वॉशिंग मशीन स्वतःच उघडून दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितोय. तांब्याच्या वायंडिंगची (म्हणजे आत गुंडाळलेली तार तांब्याची) म्हणून मला अॅल्युमिनियमची मोटार विकण्यात आली, आणि त्याच व्यवहारात घरातली अस्सल तांब्याची जुनी मोटारही गेली. मला जास्त संताप आहे तो या दुसऱ्या गोष्टीचा.

वॉशिंग मशीन आईचं, खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी असतं. दोन टबांचं, सेमी-ऑटोमॅटिक. धुण्याच्या बाजूची मोटार नुसती घुंई करायची आणि जागची हलायची नाही. अशा वेळी आधी कपॅसिटर, म्हणजे मोटारीला सुरू व्हायला जोर देणारा भाग, बघायचा. प्लग काढून, कपॅसिटरमधला साठलेला चार्ज उतरवूनच हात लावायचा, नाहीतर बंद मशीनसुद्धा चांगला झटका देतं. नवा कपॅसिटर घालूनही मोटार फिरेना, तेव्हा मल्टीमीटर लावला. धुण्याची मोटार आलटून पालटून दोन्ही दिशांना फिरते, म्हणून तिच्या दोन्ही कॉइलचा रेझिस्टन्स जवळजवळ सारखा यायला हवा. (पिळायच्या मोटारीत तो वेगवेगळा येतो, तिथं घाबरू नका.) आमच्या मोटारीची एक कॉइल सरळ ओपन, म्हणजे आतून तुटलेली, दाखवत होती. म्हणजे निदानात काही शंका नव्हती.

सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाही, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या. टब ठणठणीत, गिअरबॉक्स ठणठणीत, टायमर चालू. एका मोटारीसाठी अख्खं मशीन भंगारात घालणं आईलाही पटलं नाही, मलाही नाही. म्हणून शहरातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव इथं लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

जुनी मोटार सोबत नेली होती. दुकानदारानं तशीच दुसरी काढून दिली. काळा करकरीत रंग, नवा स्टिकर. भोकांचं अंतर जुळलं, शाफ्ट मोकळा फिरत होता, मीटरवर दोन्ही कॉइल सारख्या आल्या, बाहेर आलेल्या वायरींची टोकं लालभडक तांब्याची. तरी स्पष्ट विचारलं, "कॉपरच आहे ना? अॅल्युमिनियम नको."

"शंभर टक्के कॉपर ओ सर. डोळं झाकून न्या."

किंमत १,८५० रुपये, जुनी ठेवून गेलात तर १५० कमी. "जळकी घेऊन जाऊन काय करताय, भंगारच की ती." बिल मागितलं, त्यानं शिक्का मारून दिलं. त्यावर फक्त 'वॉशिंग मोटार, नग १' एवढंच.

सुरुवातीला मोटार नीट चालली. मग आईनं चादरी घातल्या की दहा-पंधरा मिनिटांत मशीन गप्प व्हायचं आणि मागून वार्निश जळल्याचा वास यायचा. तास-अर्ध्या तासानं थंड झालं की आपोआप चालू. मोटार जास्त तापली की वीज तोडणारा आतला थर्मल कटआउट काम करत होता, हे उघड होतं. दुकानदार म्हणाला, "तुमच्याकडं व्होल्टेज कमी असेल, हेस्कॉमला विचारा." (हेस्कॉम म्हणजे इकडची वीज कंपनी.) मशीन चालू असताना प्लगवर २२० च्या वर व्होल्ट मिळत होते; मी मीटरचा फोटो दाखवला. मग म्हणाला, कपडे जास्त घालताय. शेवटी, "इलेक्ट्रिक मालाला गॅरंटी नसते."

उद्यमबागेतल्या एका वायंडिंगवाल्या मामांकडं ती मोटार नेली. त्यांनी हातात घेऊन वर-खाली केली आणि म्हणाले, "हलकी लागाल्या." मग कॉइलच्या टोकाशी बांधलेला दोरा कापून त्यांनी तारेवरची नळी, म्हणजे स्लीव्ह, मागं सरकवली. आत लाल तार संपली होती. बोटभर तांब्याची तार पुढं दाखवायला, आणि तिला पीळ मारून जोडलेली खरी कॉइलची तार. तिच्यावरचं इनॅमल, म्हणजे तारेवरचा लेपही तांबूसच. नुसतं बघून कुणाच्या बापाला कळणार नाही. मामांनी ब्लेडनं एकच तार खरवडली. खाली पांढरी, चमकती. तुकडा कापून लायटरवर धरला, तो लगेच मऊ पडून लोंबला. तांबं १,०८५ अंशांना वितळतं, अॅल्युमिनियम ६६० ला. बारीक तारेत तो फरक लायटरवरसुद्धा दिसतो.

अॅल्युमिनियमची मोटार विकणं गुन्हा नाही, हे इथं नीट सांगायला हवं. पण तांब्यापेक्षा अॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स साधारण १.६ पट असतो, त्यामुळं तेवढाच करंट न्यायला तांब्यापेक्षा जाड तार लागते, आणि जाड तारेला स्लॉट, म्हणजे तार बसायच्या खाचा, मोठ्या लागतात. तसं डिझाइन केलेली, उघडपणे अॅल्युमिनियम म्हणून स्वस्तात विकलेली मोटार चालते. तांब्यासाठी बनवलेल्या सांगाड्यात अॅल्युमिनियम कोंबलं की लोडवर ती तापणारच.

मामांनी पुढं बोल्टच्या भोकांजवळचा काळा रंग खरवडला. खाली गंज, आणि जुन्या वॉशरचे गोल ठसे. म्हणजे ही मोटार नवीन नव्हतीच. कुणाची तरी जुनी मोटार घेऊन, तिच्यातलं तांबं काढून, अॅल्युमिनियम भरून, रंग मारून परत विकली होती.

"तुमची जुनी कुठाय?" मामांनी विचारलं. दुकानात ठेवली म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. एक कॉइल ओपन असलेली मोटार रिवाइंड होते, म्हणजे तिच्यात नवी तार भरता येते; पत्रा-बेअरिंग चांगलं असलं तर वर्षानुवर्षं चालते. आमचीतलं तांबं किलोच्या भावानं गेलं असणार आणि सांगाडा आता दुसऱ्या कुणाच्या आईच्या मशीनमध्ये बसायला तयार होत असणार. दीडशे रुपयांत.

म्हणून सांगतो, जळकी मोटार दुकानात सोडू नका. आधी वायंडिंगवाल्याला दाखवा. नवी घ्यायचीच तर जुनी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून वजन लिहून न्या, आणि नवी तिथंच तोलायला लावा. तांब्याची घनता ८.९६, अॅल्युमिनियमची २.७, त्याच मापाच्या मोटारीत काट्यावर फरक पडल्याशिवाय राहत नाही. टोकाची तार बघून काही कळत नाही, स्लीव्हच्या आतली बघा. ती खरवडू देत नसेल तर उठून चला. आणि बिलावर 'कॉपर वायंडिंग, नवीन' हे शब्द लिहून घ्या. माझ्या बिलाकडं बोट दाखवून दुकानदार हेच म्हणाला, "कॉपर कुठं लिहिलंय दाखवा की."

बिलाच्या मागं कन्नडमध्ये छापलं होतं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. त्या ओळीला भिऊ नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिलावर परत घ्यायची मुदत लिहिली नसेल तर ती ३० दिवस धरतात. बिल न देणंही त्यातच येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथं मराठीतही तक्रार घेतात, कन्नडमध्येही. त्यावर मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही.

मी १९१५ वर तक्रार घातली. मग दुकानातून फोन आला, "सर, ती आणून द्या, दुसरी देतो." दुसरी नको, पैसे आणि माझी जुनी मोटार द्या म्हटलं. त्यावर अजून उत्तर नाही. आईचं मशीन मामांनी त्याच मापाचा एक जुना सांगाडा शोधून, माझ्यासमोर तांबं भरून चालू करून दिलं. खरवडलेली मोटार, कापलेला तुकडा आणि बिल मी आयोगासाठी एकत्र ठेवलंय. खानापूर, बेळगावात कुणाला अशीच मोटार मिळाली असेल तर तीही परत देऊन बसू नका, तोच पुरावा आहे.