ग्लॉक २१ : चौदा महिने आणि सव्वीसशे काडतुसांनंतर

गेल्या वर्षी मे महिन्यात घेतलेल्या ग्लॉक २१ या .४५ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, इथे इंचांत) चौथ्या पिढीतील पिस्तुलातून मी आजवर सुमारे २६०० गोळ्या झाडल्या आहेत. रेंजवरून घरी आल्यावर तारीख, काडतुसांचा प्रकार, संख्या आणि मध्येच काही अडले असल्यास त्याचे कारण मी एका वहीत लिहून ठेवतो. वडिलांच्या किराणा दुकानात रोजमेळ लिहिण्याची सवय लागली ती अशी कामी आली. पुढील मजकूर बराचसा त्याच वहीवरून लिहिला आहे.

मी डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो. महाराष्ट्रात असताना शस्त्राशी आलेला संबंध एनसीसीच्या शिबिरात .२२ रायफलमधून झाडलेल्या मोजक्या गोळ्यांपुरताच होता. भारतात ९ मिमी आणि त्यासारखे लष्करी बोअर सामान्य नागरिकाला प्रतिबंधित असतात आणि परवानाधारकाच्या हाती बहुधा .३२ चे शस्त्र येते. त्यामुळे तिकडून आलेल्या माणसाला मोठ्या बोअरविषयीचे ज्ञान बहुतेक ऐकीवच असते. इथे ग्रीन कार्ड मिळाल्यावर शस्त्रखरेदीचा फॉर्म ४४७३ भरून आणि पार्श्वभूमीची तपासणी होऊन पिस्तूल घेता येते. एच-१बी व्हिसावर असलेल्यांना मात्र काही ठरावीक अपवाद वगळता संघराज्याच्या कायद्याने शस्त्र बाळगता येत नाही, हे आपल्याकडच्या नव्याने आलेल्या मंडळींनी दुकानात जाण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

खरेदीपूर्वी ज्यांना ज्यांना विचारले, त्या प्रत्येकाने मला एकाच गोष्टीची भीती घातली : धक्का. मनगट दुखेल, नेम बसणार नाही, दोन महिन्यांत विकून टाकाल, असे मला सांगण्यात आले. चौदा महिन्यांनंतर माझे मत असे आहे की या पिस्तुलाच्या तोट्यांच्या यादीत धक्क्याचा क्रमांक बराच खाली लागतो आणि ज्या गोष्टीविषयी एकानेही चकार शब्द काढला नव्हता, ती मूठ सर्वांत वर येते.

आधी धक्क्याचा हिशेब पाहू. या पिस्तुलात लागणाऱ्या .४५ एसीपी काडतुसाची रूढ गोळी २३० ग्रेनची, म्हणजे १४.९ ग्रॅमची असते आणि ती सेकंदाला सुमारे २५९ मीटर वेगाने नळीबाहेर पडते. ९ मिमीची १२४ ग्रेनची गोळी ८ ग्रॅमची, पण तिचा वेग साडेतीनशे मीटरच्या आसपास असतो. गणित केल्यास दोन्हींची ऊर्जा जवळपास सारखीच, पाचशे ज्यूलच्या घरात येते, संवेग मात्र .४५ चा ९ मिमीपेक्षा एक-तृतीयांशाहून जास्त भरतो आणि हाताला जाणवतो तो संवेगच. असे असूनही हा धक्का बोचरा वाटत नाही, कारण .४५ च्या काडतुसात दारूचा कमाल दाब प्रति चौरस इंच २१,००० पौंड इतकाच धरलेला आहे, तर ९ मिमीत तो ३५,००० पौंडांपर्यंत जातो. ९ मिमीचा धक्का टाळी वाजवल्यासारखा तडक असतो; .४५ चा धक्का कोणीतरी खांद्याने दार लोटावे तसा, मोठा परंतु संथ असतो. पॉलिमरची चौकट किंचित लवते, वरची जड स्लाइड मागे येता येता बराच जोर खाऊन टाकते, आणि पहिल्या दोनशे गोळ्यांनंतर माझ्या मनगटाने तक्रार केली नाही. दुसरी गोळी झाडण्यासाठी साइट (नेम धरण्याची खूण) पुन्हा लक्ष्यावर यायला ९ मिमीपेक्षा क्षणभर जास्त लागतो, हे खरे आहे. रेंजवरच्या निवांत सरावात तो क्षण जाणवत नाही. घड्याळ लावून झाडलेल्या गोळ्यांत जाणवतो.

आता मुठीविषयी. .४५ चे काडतूस ३२ मिलिमीटरहून थोडे अधिक लांब आणि बुडाशी १२ मिलिमीटर जाड असते. अशी १३ काडतुसे दोन रांगांत, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून मॅगझिनमध्ये बसवायची आणि ते मॅगझिन मुठीच्या पोकळीत सरकवायचे, म्हटल्यावर मूठ दोन्ही दिशांनी फुगणारच. माझा हात मध्यम आहे. मागची जास्तीची पट्टी न लावता, म्हणजे मूठ सर्वांत लहान असताना, माझ्या तर्जनीचे पहिले पेर चापावर कसेबसे सपाट टेकते. सोबत मिळणाऱ्या पट्ट्यांपैकी मधली लावली की मूठ २ मिलिमीटरने आणि मोठी लावली की ४ मिलिमीटरने वाढते. मी मधली एकदा लावून पाहिली आणि वीस गोळ्यांत काढून ठेवली. बोट पोहोचत नसले की माणूस नकळत मनगट फिरवून बोट पुढे सरकवतो, मग नळी आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत राहत नाहीत, धक्का तळव्याऐवजी अंगठ्याच्या मुळाशी बसतो आणि उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या डावीकडे जाऊ लागतात. माझे पहिले दोन महिने असेच गेले. कागदावरचा छिद्रांचा घोळका चांगला घट्ट, पण केंद्रापासून चार बोटे डावीकडे पडत होता, आणि मी साइटला दोष देत बसलो होतो. अखेर रेंजवरच्या एका वयस्क प्रशिक्षकांनी पिस्तूल रिकामे करून घेतले, माझ्या हातात दिले आणि मागून मनगट सरळ करून दाखवले. तेव्हा कुठे मला कळले की मी पिस्तूल धरतच नव्हतो, त्याच्या कडेला लोंबकळत होतो.

मॅगझिन सोडण्याच्या बटणाचेही तसेच आहे. चौथ्या पिढीत ते उलटसुलट बसवता येते, डावखुऱ्यांसाठी ही उत्तम सोय आहे. माझा अंगठा मात्र पकड थोडी सैल केल्याशिवाय तिथवर जात नाही. ज्यांचे हात मोठे आहेत त्यांना हा परिच्छेद अनाठायी वाटेल. माझ्या ओळखीचा एक धिप्पाड पंजाबी मित्र हेच पिस्तूल धरतो तेव्हा ते त्याच्या हातात अगदी बेताचे दिसते.

मोठा बोअर हवा आणि हात लहान, अशी अडचण असेल तर १९११ या जुन्या घडणीचा विचार करता येतो. जॉन ब्राउनिंग यांच्या त्या रचनेत काडतुसे एकाच रांगेत असल्यामुळे मूठ सडपातळ राहते; त्याची किंमत अशी की मॅगझिनमध्ये मूळ रचनेप्रमाणे सातच काडतुसे मावतात आणि पोलादी देहाचे वजन रिकाम्या मॅगझिनसह १.१ किलो भरते. माझे ग्लॉक २१ रिकाम्या मॅगझिनसह सुमारे ८३० ग्रॅमचे आहे आणि १३ काडतुसे भरल्यावर ते १.१ किलोवर जाते. म्हणजे रिकामे १९११ आणि भरलेले ग्लॉक २१ तराजूच्या दोन पारड्यांत घातले तर काटा मधोमध राहील.

एवढ्या मोठ्या गोळीची गरज काय, हा प्रश्न मला घरी आणि दारी दोन्हीकडे विचारला गेला. .४५ ची ख्याती फिलिपिन्समधून आली. तिथल्या मोरो योद्ध्यांशी लढताना अमेरिकी सैन्याची .३८ ची रिव्हॉल्व्हरे अपुरी पडल्याच्या तक्रारी झाल्या, १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यांतील जनावरांवर आणि मानवी शवांवर चाचण्या घेतल्या आणि लष्करी पिस्तुलाचा बोअर .४५ पेक्षा कमी नसावा असा निष्कर्ष काढला. १९११ मध्ये स्वीकारलेले पिस्तूल १९८५ पर्यंत, बेरेटाचे ९ मिमी येईतो, सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले. तेव्हाच्या गोळ्या शरीरात शिरल्यावर आकार बदलत नसत, म्हणून मुळातच जाड गोळी असण्याला अर्थ होता. आजच्या टोकाला पोकळी असलेल्या गोळ्या आत शिरताच फुलतात आणि चांगल्या घडणीची ९ मिमी गोळी चाचणीच्या जिलेटिनमध्ये एफबीआयला अपेक्षित असलेली १२ ते १८ इंचांची खोली गाठते; .४० बोअरवरून एफबीआय पुन्हा ९ मिमीकडे वळली त्याचे हे एक मोठे कारण होते. त्यामुळे .४५ म्हणजे एका गोळीत काम तमाम, हे पालुपद मी आता कोणाकडूनही गंभीरपणे ऐकत नाही. माणूस थांबतो तो गोळी कुठे लागली यावर, आणि नेमके लावण्यासाठी सराव लागतो.

सरावाला काडतुसे लागतात आणि इथे .४५ खिशाला चिमटा काढते. मी जिथून घेतो तिथे ५० काडतुसांच्या .४५ च्या खोक्याला ९ मिमीच्या जवळपास पावणेदोनपट पैसे पडतात. वजनाचाही विचार करावा : .४५ चे एक काडतूस सुमारे २१ ग्रॅमचे आणि ९ मिमीचे १२ ग्रॅमचे. चार खोकी पिशवीत टाकून रेंजवर निघालो की चार किलोंहून अधिक ओझे हातात असते. पहिले सहा महिने मी दर शनिवारी दोनशे गोळ्या झाडण्याचा संकल्प केला होता. वहीत पाहिले तर ऑक्टोबरपासून तो आकडा पन्नास ते ऐंशीवर उतरलेला दिसतो. ९ मिमी घेतले असते तर त्याच पैशांत माझा सराव दीडपटीहून जास्त झाला असता, हे मला मान्य करावेच लागेल.

पिस्तूल अडण्याच्या एकूण सात नोंदी आहेत. त्यांतल्या चार एका स्वस्त कंपनीच्या, जुन्या पुंगळ्या पुन्हा भरून विकलेल्या काडतुसांच्या आहेत. त्या खोक्यातली उरलेली काडतुसे मी परत केली. एक नोंद दुसऱ्याच कोणाकडून घेतलेल्या नकली मॅगझिनची आहे. उरलेल्या दोन माझ्या पत्नीच्या हातून झाल्या : मनगट ढिले राहिल्यामुळे स्लाइड पूर्ण मागे गेली नाही आणि रिकामी पुंगळी तोंडाशीच अडकून उभी राहिली. चांगली, कारखान्यात भरलेली काडतुसे आणि मूळ मॅगझिने वापरताना माझ्या हातून ते एकदाही अडलेले नाही. एक पथ्य मात्र पाळतो. या पिस्तुलाच्या नळीत धारदार चऱ्यांऐवजी गोलसर अष्टकोनी पीळ आहे. उघड्या शिशाच्या गोळ्यांचे शिसे त्यात साचून दाब वाढू शकतो, म्हणून मी तांब्याचे कवच असलेल्या गोळ्याच वापरतो.

कमरेला लावून फिरण्याचा प्रयोग तीन आठवड्यांत संपला. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते, तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. आडकाठी केली ती ऑगस्टच्या उन्हाने. स्लाइडची जाडी साडेअठ्ठावीस मिलिमीटर, लांबी २०५ मिलिमीटर आणि वजन सव्वा किलोच्या आसपास (होल्स्टर धरून), हे सगळे पातळ सुती शर्टाखाली झाकले जात नाही. गाडीत बसले की मुठीचे टोक बरगडीत रुतते. जाड पट्टा घेतल्याने वजनाचा प्रश्न सुटला, जाडीचा सुटला नाही.

घरात मात्र हेच आकारमान उपयोगाचे ठरते. तिथे ते लपवायचे नसते, स्थिर धरायचे असते, आणि नळीखालच्या पट्टीवर दिवा बसवायला भरपूर जागा मिळते. .४५ ची गोळी आवाजाच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला ३४३ मीटरपेक्षा, सावकाश जात असल्याने ९ मिमीसारखा हवा फाटल्याचा कडाका येत नाही. याचा अर्थ ती शांत आहे असा कोणी घेऊ नये. बंद खोलीत एकच गोळी कान कायमचे बिघडवू शकते. पिस्तूल पलंगाजवळ भिंतीला बोल्टने ठोकलेल्या कुलुपी पेटीत असते. घरात अकरा वर्षांचा मुलगा आहे आणि टेक्सासमध्ये १७ वर्षांखालील मुलाच्या हाती झाडण्याजोगे शस्त्र निष्काळजीपणाने लागू देणे हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी तेच केले असते.

साफसफाई पाच मिनिटांची आहे. उघडण्यापूर्वी चाप ओढावाच लागतो, म्हणून मी आधी मॅगझिन काढतो, स्लाइड मागे ओढून नळीचा कक्ष डोळ्यांनी पाहतो, करंगळी घालून चाचपतो आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत असल्याची खात्री करतो. या पिस्तुलाला अंगठ्याने लावायची सुरक्षेची वेगळी कळ नाही; चापातली पाती आणि आतली दोन अटकावे आपोआप काम करतात. भरलेल्या पिस्तुलाच्या चापाला वस्त्र अडकले तर ते थांबणार नाही, हे ज्याला पचत नाही त्याने दुसरे पिस्तूल पाहावे.

स्पर्धेविषयी थोडेसेच. यूएसपीएसए या अमेरिकेतील नेमबाजी स्पर्धांच्या संघटनेच्या नियमांत गोळीचे ग्रेनमधले वजन आणि सेकंदाला फुटांमधला वेग यांचा गुणाकार हजाराने भागून १६५ किंवा त्याहून जास्त आला की ‘मेजर’ मानतात आणि केंद्राबाहेरच्या गोळ्यांना जास्त गुण मिळतात. .४५ ची नेहमीची काडतुसे १९५ च्या आसपास भरतात. मी दोन स्थानिक सामन्यांत उतरलो. गुणांचा तो फायदा मी तेरा गोळ्या संपल्यावर मॅगझिन बदलण्यात पुरता घालवला. कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांना मात्र वेगळा हिशेब करावा लागेल, कारण तिथे कायद्यानेच मॅगझिनला दहाची मर्यादा आहे आणि ९ मिमीच्या ग्लॉक १७ च्या सतरा गोळ्यांचा वरचष्मा तिथे उरत नाही.

पत्नीने महिन्याभरापूर्वी स्वतःसाठी सडपातळ मुठीचे ९ मिमी निवडले. दुकानात तिने आठ पिस्तुले हातात घेऊन पाहिली, प्रत्येकावर तर्जनी चापावर कशी टेकते तेवढेच तपासले आणि किमतीची चिठ्ठी शेवटी वाचली. मी स्वतः खरेदीला गेलो होतो तेव्हा चिठ्ठी, बोअर आणि गोळ्यांची संख्या वाचून झाल्यावर पिस्तूल हातात घेतले होते. ग्लॉक २१ मी विकणार नाही. ते पेटीत आणि शनिवारच्या रेंजवर राहील. गेल्या चार शनिवारी मात्र वहीत दोन रकाने पाडावे लागले आहेत आणि पत्नीचा रकाना अधिक वेगाने भरतो आहे.