मधपेटी रोगतपासणी संच: मेलिफेरासाठी कामाचा, सातेरीसाठी अपुरा

पेटी उघडल्यावर अळ्यांच्या घरांवरची मेणाची झाकणे खचलेली किंवा भोके पडलेली दिसली, की हौशी मधपाळाच्या पोटात गोळा येतो आणि ऑनलाइन विकले जाणारे रोगतपासणी संच याच धास्तीवर खपतात. सुमारे 850 रुपयांचा असा एक संच मी मुळशीतील माझ्या सातेरी या देशी मधमाशीच्या पेट्यांवर आणि एका स्नेह्यांच्या मेलिफेरा या युरोपीय मधमाशीच्या पेट्यांवर वापरून पाहिला. जाळीच्या झाकणाची बरणी, मापाचा कप, पांढरा ट्रे, भिंग आणि माहितीपत्रक एवढाच ऐवज त्यात आहे. वेष्टनावर मात्र मधमाश्यांच्या सर्व रोगांची तपासणी होईल, असे बेधडक छापले आहे.

बरणी मुळात वरोआ माइट, म्हणजे माश्यांच्या अंगाला चिकटणारे बारीक परजीवी, मोजण्यासाठी आहे आणि मेलिफेराच्या पेटीत ते काम ती चोख करते. अळ्या असलेल्या चौकटीवर राणीमाशी नाही याची खात्री करून तिच्यावरच्या अर्धा कप, म्हणजे साधारण 300 माश्या बरणीत घ्यायच्या, जाळीतून दोन मोठे चमचे पिठीसाखर आत सोडायची, बरणी हलक्या हाताने घोळवून एक-दोन मिनिटे तशीच ठेवायची आणि मग ट्रेवर उलटी धरून जोराने हलवायची. साखरेमुळे माइटची पकड सुटते. ट्रेवर पाण्याचा फवारा मारला की साखर विरघळते आणि लालसर तपकिरी, जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीचे चपटे माइट स्पष्ट दिसतात. स्नेह्यांच्या एका पेटीत ते 11 निघाले; शंभर माश्यांमागे तीनच्या वर प्रमाण गेले की उपचार लांबवू नयेत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते, त्यामुळे पुढे काय करायचे याबद्दल शंका उरली नाही. पांढऱ्याफटक झालेल्या माश्या पेटीत सुखरूप परत गेल्या, हीदेखील या पद्धतीची जमेची बाजू आहे. पावसाळ्यात मात्र दमट हवेने साखरेचे गोळे होतात, माइट नीट सुटत नाहीत आणि मिळालेल्या आकड्यावर विसंबता येत नाही.

सातेरीच्या बाबतीत हाच संच फसवा ठरतो. सातेरी आकाराने लहान असल्याने त्याच कपात अधिक माश्या मावतात आणि हिशेब चुकतो; शिवाय काहींची डोकी जाळीत अडकतात. पण ही किरकोळ तक्रार झाली. वरोआ हा मुळात आशियाई मधमाश्यांवरचाच परजीवी असून सातेरी एकमेकींच्या अंगावरचे माइट काढून टाकतात, आणि त्यांच्या पेटीत त्याची वाढ मुख्यतः नरांच्या घरांतच होते. त्यामुळे ट्रेवर शून्य आले तरी पेटी निरोगी असल्याचे त्यावरून सिद्ध होत नाही. सातेरीचा खरा वैरी थाई सॅकब्रूड हा विषाणू आहे; 1991 नंतर केरळातील बहुसंख्य वसाहती त्याने संपवल्या, आणि बरणी कितीही हलवली तरी तो ट्रेवर पडणार नाही. त्यासाठी चौकट उन्हाकडे धरून घरे निरखावी लागतात: अळी उताणी, ताठ, टोकाकडचे डोके वर उचललेले, आणि चिमट्याने ओढली असता पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अख्खी बाहेर येणारी. हे पाहायला संचातील भिंग उत्तम आहे. चिमटा मात्र पदरचा आणावा लागतो.

सर्वांत घातक आहे ते माहितीपत्रक. अळ्यांच्या कोणत्याही रोगावर पाकात प्रतिजैविकाची पूड मिसळून द्यावी, असा सरसकट सल्ला त्यात दिला आहे. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, अमेरिकन फाउलब्रूड या अळ्यांच्या जिवाणूजन्य रोगाचे बीजाणू त्याने मरत नाहीत आणि औषधाचा अंश मधात उतरतो तो वेगळाच. सॅकब्रूडवर औषध नाही. राणीला काही काळ पिंजऱ्यात ठेवून अंडी घालणे थांबवणे आणि पुढे सशक्त वसाहतीतली राणी देणे, हेच मार्ग हाती उरतात. पत्रकात त्यांचा उल्लेखही नाही.

मेलिफेरा पाळणाऱ्यांनी संच जरूर घ्यावा. पावसाळा सोडून इतर दिवसांत तो पैसे वसूल करतो. केवळ सातेरी पाळणाऱ्यांनी चांगले भिंग आणि चिमटा विकत घ्यावा आणि पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी रोगट चौकटी ओळखायला शिकावे. संच दोघातिघांत मिळून घेतला असेल, तर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्यापूर्वी बरणी, जाळी आणि ट्रे साबणाच्या गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावा, कारण जाळीच्या कडेच्या खाचेत साखर आणि मेण चिकटून राहते आणि तिथवर ब्रश सहजासहजी पोहोचत नाही.