महिन्याचा किराणा की दर बाजाराचा?

खेड्यात राहून घर चालवणाऱ्यांपुढे किराण्याचे मुख्यतः दोन मार्ग असतात. एक, महिन्यातून एकदा तालुक्याला जाऊन ठोक दुकानातून यादीप्रमाणे सामान भरून आणायचे. दुसरा, दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी लागेल तेवढेच घ्यायचे. गावातले दुकान हा तिसरा मार्ग आहे, पण त्याची निवड सहसा कोणी ठरवून करत नाही; नड पडली की पाय आपोआप तिकडे वळतात. आमच्या घरी पहिले दोन्ही मार्ग बरीच वर्षे चालवून झाले आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावापासून तालुका अठरा किलोमीटरवर आहे, आठवडी बाजार भरणारे मोठे गाव पाच किलोमीटरवर आहे, घरात पाच माणसे आहेत आणि थोडी कोरडवाहू शेती आहे. ज्यांची परिस्थिती साधारण अशीच आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. पंधरा माणसांच्या एकत्र घराचे किंवा दारात चारचाकी उभी असलेल्या घराचे गणित कदाचित वेगळे येईल.

खर्चाचा अंदाज आधी बांधलेला बरा. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात माणशी दरमहा सरासरी ४,१२२ रुपये खर्च होतो आणि त्यातला सुमारे ४७ टक्के वाटा खाण्यापिण्याचा असतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाची सरासरीही याच्या जवळपासच आहे. पाच माणसांच्या घराला हे लावले तर महिन्याकाठी साडेनऊ हजारांच्या वर रक्कम खाण्यावर जाते. मात्र तिच्यात दूध, भाजी, अंडी, मटण, बाहेरचा चहा-नाश्ता आणि घरच्या शेतातून आलेल्या धान्याची धरलेली किंमत हे सगळे येते. आमच्या घरी निव्वळ किराणा त्या रकमेच्या निम्म्याच्या आतबाहेर राहतो.

आकड्यांपेक्षा या पाहणीची प्रश्न विचारण्याची रीत मला अधिक उपयोगी वाटली. खाद्यतेल, भाजी, फळे, अंडी-मांस, मसाले यांचा हिशेब ती मागील सात दिवसांचा विचारते, तर धान्य, डाळी, साखर, मीठ यांचा मागील तीस दिवसांचा. घरात काही जिन्नस आठवड्याच्या चालीने चालतात आणि काही महिन्याच्या, हे त्यात गृहीत धरलेले दिसते, आणि बहुतेक घरांचा अनुभवही तसाच असावा. माझा मतभेद त्या यादीतल्या एकाच जिनसेपुरता आहे, ती म्हणजे डाळ. पण त्याआधी महिन्याच्या किराण्याची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती लंगडी नाही.

ठोक दुकानात भाव कमी पडतो, याबद्दल वाद नाही. साखर, पोहे, फल्लीदाणे (शेंगदाणे), साबण अशा बहुतेक वस्तूंत किलोमागे किंवा नगामागे काही रुपये वाचतात आणि पूर्ण यादीवर हा फरक डोळ्यांत भरण्याइतका होतो. ज्यांचा पगार एक तारखेला जमा होतो त्यांना तर हीच पद्धत सोयीची पडते : पैसे हातात आल्याबरोबर किराणा भरला की महिन्याची अर्धी काळजी मिटते. बँकेचे काम, दवाखाना, शेतीची औषधे आणि किराणा एकाच फेरीत आटोपतात. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाल्यापासून आमच्या गावातील बायका मिळून तालुक्याला जाऊ लागल्या आहेत, त्यामुळे पूर्वी पुरुषांच्या हाती असलेली ही खरेदी पुष्कळ घरांत आता त्यांच्याकडे आली आहे, आणि माझ्या पाहण्यात त्या भाव अधिक कसून करतात.

तेलाच्या बाबतीत मात्र घाऊक खरेदीचा फायदा समजला जातो तितका सरळ नाही. पिपा घेताना तो पंधरा किलोचा आहे की पंधरा लिटरचा हे पाहावे लागते, कारण एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते आणि पंधरा लिटरच्या पिप्यात साडेतेरा किलोंच्या थोडे वरच तेल असते. शिवाय भावाचा भरवसा नाही. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरील एकूण आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेले, तेव्हा ज्यांच्या घरी भरलेला पिपा होता ते महिना-दोन महिने खुशीत होते. पुढे मे २०२५ च्या अखेरीस तेच शुल्क १६.५ टक्क्यांवर उतरले, तेव्हा नुकताच पिपा आणलेल्यांना हळहळ वाटली. पिपा समोर असला की हातही सैल सुटतो, हे आमच्या स्वयंपाकघरात मी पाहिले आहे. पण तेलापायी मी पद्धत बदलली नसती.

पद्धत बदलली ती तूर डाळीमुळे. आमच्याकडे तूर शेतातच होते. त्यातली थोडी घरच्यासाठी भरडून ठेवतो आणि ती साधारण पोळ्यापर्यंत पुरते. तेथून नवी तूर येईपर्यंत डाळ विकतच घ्यावी लागते. विदर्भातल्या जेवणात वरणाचे स्थान काय आहे हे सांगण्याची गरज नाही; भाजी एखाद्या दिवशी नसली तरी चालते, वरण नसले तर जेवण झाल्यासारखे वाटत नाही. म्हणून यादीत आम्ही ‘तूर डाळ, फटका (म्हणजे साफ, चांगल्या प्रतीची), ५ किलो’ असे स्पष्ट लिहीत असू. दुकानात दर्शनी भागात उघड्या पोत्यांची जी रांग असते तिच्यातली डाळ चांगली टपोरी, एकसारखी पिवळी दिसे. पण यादी आत जाई, माल मागच्या गोदामातून निघे, नोकर एकेक जिन्नस तोलून पिशव्यांना गाठी मारी आणि तोंड शिवलेली चुंगडी थेट ऑटोत चढे. गल्ल्यापाशी गर्दी असताना ती चुंगडी उसवून प्रत्येक पिशवी पाहणे जमत नाही, आणि पाहू म्हटले तर मागचे लोक खोळंबतात.

घरी येऊन ती डाळ परातीत ओतली की रंगातला फरक तेव्हाच दिसे. कुकरच्या नेहमीच्या शिट्ट्या होऊन झाकण उघडावे तर वर पिवळसर पाणी आणि खाली दाणा न् दाणा वेगळा. चिमूटभर सोडा घालून पुन्हा चढवली, घोटणीने घोटघोट घोटली, तरी ताटात ती दाताखाली येतच असे. जुनी, गरमीत आणि दमट हवेत पडून राहिलेली डाळ शिजायला जड जाते, आणि आमच्या बोअरचे पाणी जड असल्याने त्यात भरच पडते. एखाद्या दिवसाची गोष्ट असती तर कोणी बोलले नसते, पण डाळ पाच किलो होती आणि ती संपेपर्यंत रोज तेच वरण ताटात येणार होते. परत करायची तर अठरा किलोमीटर जावे लागे, आणि तेथे ‘सगळ्यांना हीच दिली, भाऊ, कोणाची तक्रार नाही’ हे उत्तर ठरलेले. दुकान बदलून पाहिले, तरी काही महिन्यांनी तोच अनुभव आला. सारे दुकानदार असे करतात असे माझे म्हणणे नाही. यादी देऊन, न पाहता माल उचलण्याच्या पद्धतीतच ही गोम असावी, एवढेच मला वाटते. घरच्यांनी तर त्या काळात वरणाऐवजी झुणक्यावर भर दिला आणि बेसनाचा खर्च वाढला, तो वेगळाच.

आठवडी बाजारात असे होऊ शकत नाही असे नाही, पण झाले तरी ते एका आठवड्यापुरते राहते. आमच्या बाजारात डाळ-दाण्याची दुकाने एका रांगेत जमिनीवर मांडलेली असतात, पोत्यांची तोंडे खाली दुमडून उघडी ठेवलेली असतात आणि ओंजळीत घेऊन वास पाहिल्याशिवाय कोणी भावाचा शब्द काढत नाही. डाळ तळहातावर घासून ती पॉलिश केलेली आहे का हे ओळखणाऱ्या म्हाताऱ्या बायका तेथे हमखास उभ्या असतात. त्या कोणत्या पोत्यापाशी थांबतात हे पाहिले तरी पुष्कळ कळते. आम्ही एकावेळी सव्वा किलो घेतो. डाळ शिजली नाही तर पुढच्या बाजारी तोच विक्रेता त्याच जागी बसलेला असतो आणि त्याला ते चारचौघांत ऐकावे लागते. ‘मागच्या बाजारची दाळ नाही गळली, काका,’ एवढे म्हटले की तो शेजारच्या गिऱ्हाईकाकडे एक नजर टाकतो आणि मुकाट्याने दुसऱ्या पोत्यातली काढून देतो. किलोमागे चार-सहा रुपये जास्त जातात. महिन्याच्या डाळीवर ते वीस-तीस रुपये होतात आणि ते मला जड वाटत नाहीत.

शिवाय भाजीसाठी बाजार चुकत नाहीच. वांगी, आलू, कांदे, सांभार (कोथिंबीर) महिन्याचे भरता येत नाहीत, म्हणजे महिन्याचा किराणा भरणारे घरही दर आठवड्याला बाजारात जातेच. त्यामुळे ‘महिन्यातून एकच फेरी’ हा पहिल्या पद्धतीचा फायदा बोलण्यापुरता राहतो. शेतमजुरांच्या घरी तर निवडीचा प्रश्नच फारसा येत नाही : मजुरीचा चुकारा बाजाराच्या दिवशी होतो, आणि ज्या दिवशी पैसे हातात येतात त्याच दिवशी आठवड्याचे तेल-मीठ-डाळ घेतली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला ही हातावर पोट असल्याची खूण वाटते. पण पगारदार घरानेही ती रीत उचलायला हरकत नाही, असे आता माझे मत झाले आहे.

बाजाराचे तोटेही आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मेच्या उन्हात बारा वाजता कापडी पालाखाली भाव करणे हे सुख नव्हे. ताजव्याच्या बाबतीत डोळे उघडे ठेवावे लागतात. मुले सोबत असली की भजी, जिलेबी आणि पाच-पाच रुपयांची पुडकी यांत किती जाते याचा हिशेब लागत नाही. वर सांगितलेल्या पाहणीतही ग्रामीण घरांच्या एकूण खर्चात पेये आणि तयार खाद्यपदार्थांचा वाटा दहा टक्क्यांच्या घरात आहे, तर धान्याचा सुमारे पाच टक्के. हे वाचल्यावर मला आमच्या बाजाराचा रस्ताच आठवला. दर आठवड्याला मोह होतो म्हणून महिन्याची खरेदी बरी, असे कोणी म्हटले तर त्याला माझ्याकडे पक्के उत्तर नाही. एवढे मात्र सांगता येईल की किराणा महिन्याचा भरत होतो तेव्हाही मुले बाजारात येतच होती.

दुसरी बाजू रेशनची. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी पाच किलो आणि अंत्योदय कार्डावर घराला पस्तीस किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे, तेव्हा अशा घरांच्या यादीतून गहू-तांदूळ बहुतांशी बाहेर पडतात आणि ठोक खरेदीतला मोठा बोजाच हलका होतो. केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांचे तसे नाही. विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत त्यांना मिळणारे स्वस्त धान्य बंद होऊन २०२३ पासून माणशी दरमहा १५० रुपये, आणि पुढे १७० रुपये, खात्यात देण्याचे ठरले; त्यांना धान्य विकतच घ्यावे लागते. अशा घराने गहू-ज्वारी उन्हाळ्यात वर्षाची भरून ठेवणे हेच उत्तम, त्यात महिना आणि आठवडा हा वाद येत नाही.

गावातल्या दुकानाबद्दल थोडक्यात. तेथे चिल्लर भाव असतो, माल मोजका असतो, पण उधारीची वही असते आणि रात्री नऊला दार वाजवले तरी चहापत्ती मिळते. महिन्याचा किराणा भरणाऱ्या घरांचे शेवटच्या आठवड्यातले तेल आणि साखर याच दुकानातून येते, आणि ते पैसे महिन्याच्या बिलात कोणी धरत नाही. आमच्याकडे वही तपासली तेव्हा ठोक भावात वाचलेल्या पैशांपैकी बराचसा भाग तेथे गेलेला दिसला. सर्वांच्या घरी तसेच असेल असे नाही.

आता आमच्या घरी साबण, कपड्याचा सोडा, टूथपेस्ट, मीठ, साखर आणि चहापत्ती तालुक्याहून येते, तीही बँकेच्या कामाला जाणे होईल तेव्हा. सप्टेंबर २०२५ मध्ये अंगाचा साबण आणि टूथपेस्ट यांवरील जीएसटी पाच टक्क्यांवर आल्यापासून त्यासाठी मुद्दाम फेरी करण्याची निकड आणखी कमी झाली आहे. डाळी, फल्लीदाणे, मसाला आणि तेलाची पिशवी बाजारातून. ज्यांच्या गावाजवळ बाजार भरत नाही किंवा भरतो पण डाळ-दाण्याची रांग लागत नाही, त्यांनी महिन्याचाच किराणा भरावा. फक्त डाळ यादीत न लिहिता समोरच्या पोत्यातून डोळ्यांदेखत तोलून घ्यावी. आणि पावसाळ्यात जेथे नाल्याला पूर येऊन बाजाराचा रस्ता बंद होतो, तेथे आखाड लागण्याआधी दोन बाजारांची डाळ जास्तीची आणून, कडक ऊन देऊन डब्यात भरून ठेवावी. सव्वा किलोच्या हिशेबाने ती अडीच किलो होते, आणि तेवढीला सहसा भुंगा लागत नाही.