एलसॅटच्या तर्कदोषांसाठी मराठी वही : सात महिन्यांचा अनुभव

अमेरिकेतील विधी महाविद्यालयांत प्रवेश मिळावा म्हणून मी एलसॅटची तयारी करते आहे. ऑगस्ट २०२४ पासून या परीक्षेतले ‘लॉजिक गेम्स’ (मांडणीची तर्ककोडी) बंद झाले आणि गुण मोजल्या जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन लॉजिकल रीझनिंगचे, म्हणजे छोटे युक्तिवाद तपासण्याचे झाले. त्यामुळे युक्तिवादातला दोष ओळखण्याच्या प्रश्नांत चुकत राहणे परवडण्यासारखे नव्हते. तर्कदोषांची यादी मला पाठ होती, तरी उत्तरे चुकत होती. म्हणून सात महिन्यांपूर्वी एक दोनशेपानी वही घातली. नियम एकच: पडद्यावरचे पाचही पर्याय कागदाने झाकायचे, निष्कर्ष नेमका कुठे उडी मारतो ते एका मराठी वाक्यात लिहायचे आणि मगच कागद उचलायचा.

सुरुवातीची एक नोंद अशी आहे. सायकल-मार्ग झाल्यावर जखमी सायकलस्वारांची संख्या वाढली, सबब मार्ग धोकादायक आहेत, अशा धाटणीचा युक्तिवाद होता. मी लिहिले, “सायकली किती वाढल्या, ते सांगितलेच नाही.” हे वाक्य हाताशी असल्यामुळे ‘मोजक्या उदाहरणांवरून सरसकट निष्कर्ष काढला’ या पर्यायाकडे मी वळले नाही. एरवी मी तिथेच फसत असे, कारण तो दोष खरोखरच दोष असतो. फक्त समोरच्या युक्तिवादात तो घडलेला नसतो.

आवश्यक अट (जिच्याशिवाय गोष्ट होत नाही) आणि पुरेशी अट (जी असली की गोष्ट होतेच) यांची अदलाबदल हे माझे जुने दुखणे. त्यावर न्यायदर्शनातला, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातला धूर-अग्नीचा दाखला कामी आला: धूर दिसला की अग्नी असतोच, पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही, तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. आता युक्तिवादात ‘तरच’ आले की मी समासात ‘गोळा’ एवढेच लिहिते. थोड्या नमुन्यावरून सगळ्यांविषयी निष्कर्ष काढणाऱ्या युक्तिवादांत ‘शितावरून भाताची परीक्षा’ आठवते. भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच शिताची साक्ष चालते, ग्राहकांनी आपणहून पाठवलेल्या अभिप्रायांना ती लावता येत नाही.

उणीवही आहे. एका विभागाला ३५ मिनिटे आणि प्रश्न पंचविसाच्या आसपास, त्यामुळे वेळ लावून सोडवताना लिहिणे अशक्य. चौथ्या महिन्यापासून मी ते वाक्य मनातच जुळवते आणि वही फक्त चुकलेल्या प्रश्नांसाठी उघडते. शिवाय पर्यायांची इंग्रजी अतिशय अमूर्त असते. ‘गृहीत धरतो’ आणि ‘ही शक्यता विचारात घेत नाही’ या दोन्ही सांगण्यांतून बऱ्याचदा एकच फट दाखवलेली असते, हे मराठी वाक्याने आपोआप उमगत नाही. त्यासाठी शेवटची वीस पाने मी केवळ पर्यायांच्या शब्दरचनेसाठी राखून ठेवली आहेत.