देश बदलू पाहणाऱ्या धावपटूसाठी: ओबिक्वेलू आणि ऑटी यांच्या दोन वाटा

एका देशाकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळून झाल्यावर दुसऱ्या देशाकडून धावावे का, अशा विचारात असलेल्या धावपटूने दोन कारकिर्दी शेजारी ठेवून पाहाव्यात: नायजेरियाऐवजी पोर्तुगालकडून धावू लागलेला फ्रान्सिस ओबिक्वेलू आणि जमैका सोडून स्लोव्हेनियाची झालेली मर्लिन ऑटी. दोघेही २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये जुन्या देशाकडून आणि २००४ मध्ये अथेन्सला नव्या देशाकडून धावले. मात्र अथेन्समध्ये ओबिक्वेलू २५ वर्षांचा होता, तर ऑटी ४४ वर्षांची.

ओबिक्वेलू १९९४ मध्ये जागतिक कनिष्ठ स्पर्धेसाठी लिस्बनला आला आणि तिथेच राहिला. पोट भरण्यासाठी त्याने बांधकामावर मजुरी केली, पोर्तुगीज शिकला आणि तिथेच धावपटू म्हणून घडला. सिडनीतील दुखापतीनंतर नायजेरियाच्या महासंघाने आपल्याला वाऱ्यावर सोडले, अशी त्याची तक्रार होती. त्यामुळे २००१ मध्ये मिळालेल्या नागरिकत्वाने त्याचे आयुष्य बदलले असे म्हणण्यापेक्षा, आधीच बदललेल्या आयुष्यावर कागदोपत्री शिक्कामोर्तब झाले असे म्हणणे योग्य ठरेल. अथेन्सच्या १०० मीटर अंतिम शर्यतीत जस्टिन गॅटलिनने ९.८५ सेकंद वेळ नोंदवली, ओबिक्वेलूने ९.८६, सुवर्णपदक एका शतांश सेकंदाने हुकले, पण त्याची ती वेळ २०२१ पर्यंत युरोपीय विक्रमाच्या पातळीवर टिकून राहिली. २००६ मध्ये गोथेनबर्गला त्याने १०० आणि २०० मीटर अशी दोन्ही युरोपीय सुवर्णपदके जिंकली. तरीही २०० मीटरमधील त्याची सर्वोत्तम वेळ, १९.८४ सेकंद, १९९९ मध्ये नायजेरियाच्या गणवेशातच नोंदली गेली होती, हे नजरेआड करू नये.

ऑटीचा ताळेबंद वेगळा आहे. तिची नऊच्या नऊ ऑलिंपिक पदके जमैकासाठी आहेत. सिडनीपूर्वीच्या राष्ट्रीय निवड चाचणीत ती चौथी आली होती आणि तरीही तिला १०० मीटरमध्ये स्थान दिल्यामुळे सहकारी खेळाडूंनी क्रीडाग्रामात निदर्शने केली. २००२ मध्ये तिने स्लोव्हेनियाचे नागरिकत्व घेतले; अथेन्समध्ये उपांत्य फेरी गाठली आणि २०१० मध्ये, वयाच्या पन्नाशीत, बार्सिलोनाच्या युरोपीय स्पर्धेत रिले धावली. पदकांच्या हिशेबात ही वाट तोट्याची दिसते. मला ती तशी वाटत नाही, कारण जमैकासारख्या देशात त्या वयाच्या धावपटूला मार्गिका मिळणे जवळपास अशक्य होते आणि धावत राहणे हीच तिची निकड होती.

आज मात्र नियम कडक आहेत. जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने २०१८ पासून किमान तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ आणि किमान वीस वर्षे वय अशा अटी घातल्या आहेत, आणि असा बदल साधारणपणे एकदाच करता येतो. ओबिक्वेलू नागरिकत्व मिळाल्यानंतर वर्षभराच्या आतच, २००२ च्या म्युनिकच्या युरोपीय स्पर्धेत पोर्तुगालकडून धावला. तेवढी घाई आता सहसा चालणार नाही.

म्हणून ज्याचे वय विशीच्या सुरुवातीचे आहे आणि ज्याचा प्रशिक्षक, सराव व निवास आधीच नव्या देशात आहे, त्याने ओबिक्वेलूची वाट जरूर धरावी. तिशी गाठलेल्याची तीन वर्षे प्रतीक्षेतच जातील. त्याने पदकाची आशा बाजूला ठेवून केवळ धावत राहण्यासाठी ही किंमत मोजण्याची तयारी आहे का, हे आधी ठरवावे. वय काहीही असो, प्रतीक्षेच्या काळात सरावाचा आणि दुखापतीवरील उपचारांचा खर्च कोण उचलणार, हे नव्या महासंघाकडून लेखी घेतल्याशिवाय अर्जावर सही करू नये.