भूछत्रांची ओळख आणि ‘आयनॅचरलिस्ट’: नवशिक्याच्या दृष्टीने परीक्षण

पावसाळ्यात शेताच्या बांधावर, कुंडीत किंवा कुजक्या ओंडक्यावर उगवलेले भूछत्र पाहून ‘हे कोणते असेल?’ असा प्रश्न ज्यांना मनापासून पडतो, त्यांच्या हाताशी आज सहज येऊ शकणाऱ्या साधनांत ‘आयनॅचरलिस्ट’ हे मला सर्वांत उपयुक्त वाटते. अमेरिकेतील बर्कली येथे २००८ साली विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून सुरू झालेला हा उपक्रम २०२३ पासून स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून चालतो. त्याचे ॲप आणि संकेतस्थळ दोन्ही विनामूल्य आहेत आणि जाहिरातींचा त्रास नाही. घाटात नेटवर्क नसले तरी छायाचित्रे नोंदीत साठवून घरी आल्यावर चढवता येतात.

त्याची रीत सोपी आहे. आपण छायाचित्र, दिनांक आणि ठिकाण देतो, संगणक दिसण्यातील साम्यावरून काही नावे सुचवतो आणि पुढे जगभरातील जाणकार ती नोंद पाहून आपले मत देतात. ओळख पटवणारे किमान दोघे असले आणि दोनतृतीयांशांहून अधिक मते एकाच जातीवर जुळली, की साधारणपणे त्या नोंदीला ‘संशोधन दर्जा’ मिळतो. या साधनाचा खरा गुण मला इथेच दिसतो. पुरावा अपुरा असेल तर जाणकार निःसंकोचपणे जातीचे नाव बाजूला ठेवून प्रजाती (जवळच्या जातींचा गट) किंवा कुल (प्रजातींचा मोठा गट) एवढ्यावरच थांबतात, आणि टोपीखाली पात्यांसारख्या पट्ट्या असलेल्या लहान तपकिरी भूछत्रांच्या बाबतीत तर बहुधा तेच योग्य असते, कारण त्यांचा निवाडा अनेकदा सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू (भूछत्राचे बीजासारखे सूक्ष्म कण) पाहिल्याशिवाय होत नाही. नाव अर्धवट राहिल्याने नवशिका हिरमुसतो, हे खरे. पण ओळख कुठपर्यंत नेता येते आणि कुठे थांबावे लागते, हे कळणे हा या विद्येचा फार महत्त्वाचा धडा आहे.

मात्र उभ्याने वरून काढलेल्या एकाच छायाचित्रावर संगणकाने सुचवलेले पहिले नाव स्वीकारून जो पुढे जातो, त्याला या ॲपपासून जवळजवळ काहीच शिकता येत नाही. एका नोंदीत अनेक छायाचित्रे जोडण्याची सोय आहे आणि तिचा पुरेपूर वापर करायला हवा: टोपी वरून, टोपीखालची बाजू, देठ, देठावरचे कडे, माती हलकेच बाजूला सारून दिसणारा तळ आणि भोवतीचा परिसर. टोपीखाली पट्ट्या आहेत की बारीक छिद्रे, पट्ट्या देठाला चिकटलेल्या आहेत की सुट्या, तळाशी पिशवीसारखे आवरण आहे का, भूछत्र मातीत आहे, शेणावर आहे की लाकडावर, हे प्रश्न दर वेळी स्वतःला विचारू लागले की नजर तयार होते. वास छायाचित्रात उतरत नाही आणि दाबल्यावर बदलणारा रंगही त्यात सहज कळत नाही, म्हणून ते टिपणात लिहावे. सोबत दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग असले तर उत्तम.

सुरुवात कशापासून करावी, हेही सांगतो. वाळक्या फांद्यांवर पंख्यासारखे दाटीने येणारे, वरून करडे-पांढरे लोकरी आणि खालच्या पट्ट्या लांबीत चिरलेल्या असलेले ‘शायझोफायलम कम्यून’ आणि कुंडीत उगवणारे पिवळेधमक ‘ल्युकोकॉप्रिनस बिर्नबौमी’ ही दोन्ही शहरातही भेटतात, आणि त्यांच्यावर निरीक्षणाची शिस्त छान बसते.

खाण्याच्या निर्णयासाठी मात्र हे ॲप मुळीच वापरू नये, आणि याबाबत मी कोणतीही सवलत देणार नाही. हिरवळीवर येणारे ‘क्लोरोफायलम मोलिब्डायटिस’ हे मोठे, पांढरे आणि देखणे भूछत्र खाल्ल्यास तीव्र उलट्या आणि जुलाब होतात. कोवळेपणी त्याच्या पट्ट्या पांढऱ्याच असतात, त्यामुळे त्या अवस्थेतील छायाचित्र माणसालाही फसवू शकते आणि संगणकालाही. त्याची खूण बीजाणूंच्या ठशात आहे. पूर्ण उमललेली टोपी देठापासून वेगळी करून अर्ध्या पांढऱ्या आणि अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवावी, वर पेला झाकावा आणि रात्रभर तशीच राहू द्यावी; या जातीचा ठसा हिरवट उमटतो. हा ठसा काढून त्याचे छायाचित्र नोंदीला जोडण्याची सवय लावून घेतली, तर जाणकारांचे काम बरेच सोपे होते. चांदीचे नाणे काळे पडते का, किडे खातात का, या घरगुती परीक्षांना काहीही आधार नाही आणि शिजवल्याने सर्व विषे नष्ट होत नाहीत. ठशासाठी भूछत्र घ्यायचे ते आपल्या अंगणातले किंवा शेतातले घ्यावे. अभयारण्यातून परवानगीवाचून काहीही उचलू नये.

उणीव सांगायची तर आपल्याकडील कवके ओळखणारे जाणकार मोजकेच असल्याने अनेक नोंदी दीर्घकाळ अनुत्तरित राहू शकतात. संगणकाच्या सूचनाही ज्या जातींची भरपूर छायाचित्रे आधीच जमली आहेत, त्यांच्याकडे झुकतात. म्हणून सह्याद्रीतल्या भूछत्राला दूरदेशीच्या जातीचे नाव सुचवले गेले, तर ती जाती इथे पूर्वी नोंदली गेली आहे का, हे नकाशावर पाहूनच पुढे जावे.

शेवटची सूचना ठिकाणाविषयी आहे. वारुळांवर येणारी ‘टर्मिटोमायसिस’ अळंबी कोकणात आणि गोव्यात चवीने खाल्ली जाते आणि चांगल्या भावाने विकली जाते. वाळवी वारुळात ज्या कवकाची शेती करते, त्याचेच हे फळ. त्याचा लांब मुळासारखा देठ थेट त्या वाळवीच्या बागेपर्यंत पोहोचलेला असतो, आणि वारूळ खणले की ती बागच उद्ध्वस्त होते. अशा नोंदीचे नेमके ठिकाण उघडे ठेवू नये. ‘आयनॅचरलिस्ट’मध्ये ते धूसर करण्याची सोय आहे, आणि तसे केल्यावर इतरांना नेमक्या जागेऐवजी अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंश लांबी-रुंदीच्या चौकोनातला कोणताही एक बिंदू दिसतो.