बिनहीटिंगच्या केबिनमध्ये हरणाचं माउंट: अख्खा हिवाळा काढल्यावरचा अनुभव

अमेरिकेत उत्तर मिनेसोटात तळ्याकाठी केबिन आहे आमची, ऑक्टोबरात नळ रिकामे करून बंद करतो ते मेपर्यंत हीटिंग नाही, मधे आइस फिशिंगला (गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला) गेलो तरच लाकडाची शेगडी पेटते. यंदा मेमध्ये उघडलं तर आमच्या व्हाइटटेल हरणाच्या माउंटच्या (म्हणजे फोमच्या साच्यावर खरं कातडं चढवून भिंतीवर लावलेलं डोकं) डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात चीर! बाकी माउंट ठणठणीत आहे, केस गळले नाहीत, कान सरळ, पण खालून एपॉक्सीचा (डोळ्याभोवती भरलेल्या लांबीचा) पांढरा ठिपका दिसतो आणि नजर बरोब्बर तिथेच जाते. बनवणाऱ्याला फोटो पाठवले, तर एका ओळीत उत्तर की हीटिंग नसलेल्या जागेत लावलं म्हणजे गॅरंटी संपली. अहो, मग पैसे मोजून घेताना का नाही सांगितलं?

आधी मलाही थंडीचाच संशय होता. पण भिंतीवर पंधरा डॉलरचा तापमान आणि आर्द्रता नोंदवणारा रेकॉर्डर लावला होता (तेव्हा बायको म्हणाली कशाला हा खर्च), त्याचे आकडे बघून मत बदललं. केबिन बंद असताना आर्द्रता जवळपास स्थिर, उणे तापमानात सुद्धा. शेगडी पेटवली की मात्र काही तासांत धाडकन खाली. बाहेरच्या उणे वीसच्या हवेत पाणीच नसतं, तीच वीस अंशापर्यंत तापवली की पार कोरडीठाक होते. कातडी आखडते, आतला फोम आखडत नाही, मग ताण येतो तो डोळ्याच्या कोपऱ्यावर, ओठांवर, शिवणीवर. आणि आमचं माउंट नेमकं शेगडीच्या वर! फोटोत छान दिसतं म्हणून सगळे तिथेच लावतात, कृपा करून लावू नका.

आता आतल्या भिंतीवर हलवलंय, मागे बुचाचे तुकडे लावून फट ठेवलीय. बंद करताना जुनी सुती चादर घालायची, प्लास्टिक नको, आत ओल कोंडते. वसंतात पहिल्या उबदार दिवशी सगळ्या खिडक्या सताड उघडायचा मोह होतो तोही टाळा, बाहेरची दमट हवा आतल्या गार वस्तूंवर पाणी धरते आणि मग बुरशी.

किडीबद्दल एवढंच, थंडीने सगळी मरते या भरवशावर राहू नका, हळूहळू गारठा वाढला की कातडं-केस खाणाऱ्या त्या केसाळ अळ्या जुळवून घेतात. कानामागे टॉर्च मारून अळ्यांची कात पडलीय का बघा. डांबराच्या गोळ्या मी वापरत नाही, काही प्रकारच्या गोळ्यांनी थर्माकोलसारखा फोम विरघळतो.

माउंटला पाचपैकी चार, बनवणाऱ्याच्या सर्व्हिसला शून्य. चीर दुसऱ्याकडून पैसे देऊन भरून घेणार आहे. रेकॉर्डरला पाचपैकी पाच, फक्त सेल लिथियमचे घाला, साधे अल्कलाइन तिकडच्या जानेवारीत मान टाकतात.